आवक-जावक सर

आमच्या सरांना चौकोन काढल्याशिवाय बोलताच येत नसे. फळ्यावर तर ते काढायचेच, पण लग्नपत्रिकेच्या मागे, औषधाच्या पाकिटावर, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे काढायचे. एकदा तर एका लग्नात माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पानातला भात बाजूला सारला आणि आमटीत बोट बुडवून केळीच्या पानावर चौकोन काढला. काकी, म्हणजे त्यांची बायको, शेजारी बसून कपाळाला हात लावत होत्या. चौकोनात डावीकडून शिरणारे दोन बाण, उजवीकडून बाहेर पडणारा एक, आणि त्या उजव्या टोकापासून खालून वळसा घेऊन पुन्हा डावीकडे येणारा एक लांबडा बाण. "हे बघा, हे सरकार," असं म्हणून सर हात झटकायचे आणि जेवायला लागायचे.

वसईच्या कॉलेजात ते आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. पुस्तकात त्या बाणांना आदान, प्रदान, प्रत्याभरण अशी जीभ अडखळेल अशी नावं होती. सर म्हणायचे, "हे शब्द पेपरात लिहा आणि हॉलच्या बाहेर आलात की विसरा. कुठल्याही कचेरीत जा. तिथल्या कारकुनाने हे शास्त्र शास्त्रज्ञांच्या आधीच दोन वह्यांवर लिहून ठेवलंय. आवक आणि जावक." झालं, त्या दिवसापासून त्यांचं नाव आवक-जावक सर पडलं. त्यांना ते माहीत होतं. रागवायचं सोडून एकदा हजेरी घेतल्यावर स्वतःच म्हणाले, "आजची आवक कमी आहे."

आम्हाला ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "कळंब, तू सांग. तुळिंज, मागे बघून हसू नकोस." मी तुळिंजची. आमचं घर म्हणजे नालासोपारा पूर्वेला, बाजाराच्या गल्लीतल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाबा कोकणातून आलेले, आईचं माहेर साताऱ्याकडचं, तेव्हा 'गाव कुठलं' म्हटलं की मी गडबडायचे. सरांनी तो प्रश्नच मिटवून टाकला. "जिथे तुझ्या घरी नळ येतो आणि जिथे तो येत नाही म्हणून तू भांडतेस, ते तुझं गाव," असं म्हणाले. तुळिंजला कुणी गाव म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला उगीचच छान वाटलं होतं.

डावीकडचे बाण दोन का, हा त्यांचा आवडता प्रश्न. एक मागणी, दुसरा पाठिंबा. कळंबचा एक मच्छीमारांचा मुलगा होता, तो म्हणाला, "सर, मागणी कळली. पाठिंबा कशाला?" सर म्हणाले, "घरी आई हे सरकार धर. वांगं नको म्हणतोस ती मागणी. तरी पानावर बसतोस तो पाठिंबा. नुसती मागणी केलीस तर आई वैतागेल. नुसता मुकाट जेवत राहिलास तर जन्मभर वांगंच मिळेल." आणि तो खालचा लांबडा बाण? वांगं पानात पडल्यावर तू तोंड वाकडं करतोस, आई ते बघते आणि उद्या भेंडी आणते, तो. सरांचा सगळा जीव त्या लांबड्या बाणात होता. सरकार वाईट नसतं, बहिरं असतं, त्याच्या कानापर्यंत नीट शब्दांत पोचवलं की ते सुधारतं, असं ते अगदी देवाची शपथ घेतल्यासारखं सांगायचे. आम्ही ते खरं मानायचो. विशीतली पोरं आम्ही, न मानून सांगतो कुणाला?

एकदा मी विचारलं, "सर, पण चौकोनाच्या आत काय असतं?" ते थोडे ओशाळले. म्हणाले, "आत काय ते या शास्त्राने फारसं सांगितलेलं नाही. बाहेरून आत काय गेलं आणि काय बाहेर आलं, ते बघायचं." मग डोळे मिचकावून म्हणाले, "पण दारावर एक माणूस बसलेला असतो हं. कुठली मागणी आत सोडायची आणि कुठली बाहेरच ठेवायची, हे साहेबाच्या आधी तो ठरवतो. त्याच्यावर एक पाच गुणांचा प्रश्न येतो."

पुढे मी परीक्षा दिल्या, नोकरीला लागले, आणि बघा दैवाची गंमत, एका सरकारी कार्यालयात आवक विभागातच बसले. पेढे घेऊन सरांच्या गावी, सांडोरला गेले. त्यांना असा आनंद झाला की काकींना आतून ओढून आणलं. "अगं, तुळिंज चौकोनात शिरली! आता सांग बाय, आत काय आहे?" मी म्हटलं, "टेबलं आहेत सर. आणि तीन पंखे, त्यातला एक चालतो." सर इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना काकींनी सुकेळी बांधून दिली. राजेळी केळी सोलून, वाळवून केलेली सुकेळी, ती करावीत तर काकींनीच. वर्गात चांगलं उत्तर दिलं की सर खिशातून एक काढून द्यायचे, आणि ती चिकट बोटं घेऊन आम्ही पुढचा तास काढायचो.

निवृत्त झाल्यावर सर आमच्याकडे अर्ज घेऊन येऊ लागले. दिवाबत्ती, गटार, बसचा थांबा, कुणा विधवेचं पेन्शन. कधी आवाज चढवला नाही. "पोच दे," म्हणायचे. आपल्याकडची प्रत पुढे करायचे, मी शिक्का मारला की शिक्का वाळेपर्यंत फुंकर घालत उभे राहायचे. घरी दोऱ्यात ओवलेल्या पोचांची चांगली वीतभर जाड चळत होती. माझ्या शेजारचे हसायचे. मीही कधीकधी हसले आहे, आता लपवून काय करायचं?

सांडोरला सरांची केळीची आणि भाजीची वाडी होती, ती त्यांचा धाकटा भाऊ करायचा. आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो. सर शिकले, नोकरीला लागले. भाऊंनी कुदळ सोडली नाही. घरच्या बोलीत दोघं बोलायला लागले की मला अर्धंअधिक कळत नसे, पण एक कळायचं, की भाऊ थोरल्याच्या शब्दाबाहेर नव्हते. वाडीच्या मागे बावखल होतं. ज्यांनी बावखल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ते विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान, गोड्या पाण्याचं खोदलेलं डबकं. पावसाचं पाणी त्यात उतरतं, जमिनीत मुरतं, आणि उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्या वाड्यांना पुरतं. समुद्र एवढा जवळ असून तिथली विहीर खारट होत नाही, ती बावखलामुळे. सरांच्या बावखलावर दहा-बारा घरांच्या वाड्या जगत होत्या.

मग रस्त्याचा आराखडा आला. नकाशात बावखलाच्या जागी 'पडीक जागा' लिहिलेलं आणि त्यावरून सरळ रस्ता. खाली नेहमीची ओळ, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांत सादर कराव्यात. गाव खवळलं. मोर्चा न्यायचा, हरकतींचा ढीग घालायचा असं ठरत होतं. सरांनी सगळ्यांना देवळाच्या मंडपात बसवलं. हे मला पुढे भाऊंनी सांगितलं. सरांनी तिथेही फळा मागवला, चौकोन काढला आणि म्हणाले, "हरकत म्हणजे आडकाठी. नुसतं नको म्हणणं. सूचना म्हणजे रस्ता कुठून न्यावा ते सांगणं. आपण नको म्हणायचं नाही, आपण शिकवायचं." कुणीतरी म्हणालं, "सर, सरळ हरकत लिहू ना." सर म्हणाले, "बाबा रे, मी हे चौतीस वर्षं शिकवलंय." भाऊंनी पहिली सही केली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सर माझ्या खिडकीशी आले. हातात शे-सव्वाशे कागद, गावातल्या प्रत्येक घराचा वेगळा, सगळे सरांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. सोबत स्वतः काढलेला नकाशा, रस्ता बावखलाला वळसा घालून कसा जाईल त्याचा. आणि प्रत्येक कागदावर वर, 'विषय : आराखड्याबाबत नम्र सूचना'.

आमच्याकडे दोन वह्या होत्या. लाल हरकतींची, निळी सूचनांची. कायद्यात दोघींचं वजन सारखं आहे म्हणतात. असेल. पण आमच्या साहेबांकडे सुनावणीची पत्रं निघायची ती लाल वहीवरून. निळ्या वहीतल्यांना एक छापील उत्तर जायचं. कागद कुठल्या वहीत चढवायचा ते 'विषय' या ओळीवरून ठरायचं, आणि ते मी ठरवायचे. हे मला पक्कं माहीत होतं. मी तिथे तीन वर्षं बसत होते.

मी काही बोलले नाही.

का बोलले नाही, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याला अर्जदारांना सल्ले दिले म्हणून मेमो मिळाला होता. साहेब मागच्या टेबलावर बसले होते. रांग होती, जेवणाची वेळ झाली होती, माझं डोकं चढलं होतं. आणि सरांना मी काय शिकवायचं, असंही वाटलं. ही शेवटची गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःला पहिली म्हणून सांगत होते, कारण ती ऐकायला बरी वाटते. खरं म्हणजे मी भ्याले. सर शिपायाला सांगत होते, "ही माझी विद्यार्थिनी बरं का," आणि मी खाली मान घालून धडाधड शिक्के मारत होते. मी ते कागद गुपचूप लाल वहीत चढवले असते तरी कुणी विचारलं नसतं. मी निळी उघडली. दुसरा दिवस अख्खा हातात होता. सरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

सर सुनावणीच्या पत्राची वाट बघत राहिले. दोनदा येऊन विचारून गेले. मी म्हटलं, "येईल सर." मग ते छापील उत्तर गेलं, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. ते घेऊन सर आले, आणि मेलं मला वाटलं आता माझी चामडी सोलणार. तर त्यांचा चेहरा फुललेला. "नोंद घेतली म्हणतायत! बघितलंस? पोचलं!" शिपायाने त्यांना चहा विचारला, तो त्यांनी आनंदाने घेतला. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

सुनावणी झाली ती दुसऱ्या एका गावाच्या आठ-दहा हरकतवाल्यांची. त्यांच्या आळीतून जाणारा रस्ता थोडा सरकला. सांडोरमध्ये डंपर आले आणि चार दिवसांत बावखल दगडमातीच्या डबराने बुजलं. लोक सरांना घेऊन कार्यालयात धावत आले तेव्हा साहेबांनी थंडपणे सांगितलं, "तुमची एकही हरकत आमच्याकडे नाही. रेकॉर्ड बघा." रेकॉर्ड मीच उघडून दाखवलं. लाल वहीत सांडोर नव्हतं. तेव्हा सर माझ्याकडे बघत होते, की वहीकडे, हे बघायची मला हिंमत झाली नाही.

त्या पावसाळ्यात मुरायला जागा न उरलेलं पाणी वाड्यांत आणि घरांत शिरलं. भाऊंच्या घरात गुडघाभर पाणी आठवडाभर होतं, केळीचे गड्डे कुजले. आणि पाऊस सरल्यावर, मार्चपासून, विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. गावाने सरांना शिव्या नाही दिल्या. त्याहून वाईट केलं. अर्ज लिहून घ्यायला येणं बंद केलं. नाक्यावर पोरं त्यांना 'नम्र सूचना' म्हणायला लागली. आणि भाऊंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एकाच अंगणात दोन दारं, समोरासमोर. काकी मला सांगत होत्या, की भाऊ शेवटचं वाक्य बोलले ते एवढंच, "तुझ्या अक्षराला भुललो रे आम्ही." त्यानंतर ते अंगणात आले की सर आत जायचे, म्हणजे भाऊंना मान फिरवावी लागू नये.

मी अधूनमधून जात राहिले. जाणं हीच माझी शिक्षा, असं काहीतरी स्वतःचं समाधान करून घ्यायचे. सर वाळले होते. दम लागायचा. चौकोन काढत नव्हते. काहीही विचारलं की "बघू" म्हणायचे. मी मुद्दाम निवडणुकीचा विषय काढला, कुठल्याशा योजनेचा काढला. ते खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि बाहेर बघण्यासारखं होतं काय, तर तो डांबरी रस्ता. एवढा बोलका माणूस असा बसलेला बघवत नसे. येताना रिक्षात मला रडू यायचं.

शेवटच्या खेपेला काकी देवापाशी होत्या. सर उशीला टेकून बसले होते. त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुळिंज, त्या दोन वह्या वेगळ्या आहेत आणि पत्रं एकाच वहीवरून जातात, हे तुला तेव्हा ठाऊक होतं का ग?"

मी म्हटलं, "नाही सर. मलाही नंतरच कळलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं झालं. मग ती चूक माझी एकट्याची." आणि माझ्या हातावर थोपटलं. हो, मला थोपटलं त्यांनी. मला म्हणाले, "जा आता, काळोख व्हायच्या आत पोच घरी." तीन आठवड्यांनी ते गेले.

तेराव्याला मी सांडोरला गेले. जेवणं उरकली होती, मांडव सोडत होते. भाऊ ओट्यावर बसले होते, त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "शेवटचे दोन दिवस हॉस्पिटलात मी त्याच्याजवळ होतो. तेव्हा बोललो आम्ही. त्याने मला एक सांगून ठेवलंय. तुळिंज येईल, तिला बावखलाचं कुणी काही विचारू नका. ती पोरगी नोकरी करते, तिला तिथेच बसायचंय. मला काही कळलं नाही ताई. तुम्हाला कशाला कोण काय विचारील?"

मला कळलं. सरांना सगळं ठाऊक होतं. मी खोटं बोलले तेही त्यांना त्याच क्षणी दिसलं होतं, आणि तरी त्यांनी मला थोपटलं होतं. मी ओट्याच्या कडेला बसले आणि भाऊंना सांगितलं. लाल वही, निळी वही, मुदतीतला उरलेला एक दिवस, फोनमधला नंबर, शेवटचं ते खोटं. काही म्हणजे काही गाळलं नाही. सरांची चूक एका शब्दाची होती, आणि ती मी दोन मिनिटांत दुरुस्त करू शकले असते, हेही सांगितलं.

भाऊ ओरडले नाहीत. पंच्याने तोंड पुसलं. दारात काकी येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं. मग भाऊ म्हणाले, माझ्याशी नव्हे, काकींशी, "वहिनी, दोन पावसाळे मी त्याच्याशी बोललो नाही."

काकी आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.